पान चित्राबरहुकूम, तरी वीसपैकी अकरा?

मध्यक
सोमवार, रात्री ११:४०

मी संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात वैकल्पिक विषय म्हणून 'वेब डेव्हलपमेंटची ओळख' घेतला. खरं सांगायचं तर वेळापत्रकात तोच बसत होता, आणि वरच्या वर्गातले सगळे म्हणाले, डोळे झाकून घे. पहिले काही आठवडे एचटीएमएल (पानावर काय आहे ते टॅग लावून सांगणारी भाषा) आणि सीएसएस (ते कसं दिसावं हे सांगणारी), मग जावास्क्रिप्ट, शेवटी सर्व्हरचं थोडंसं.

पहिली असाइनमेंट होती एका काल्पनिक ग्रंथालयाच्या सदस्य नोंदणीचं पान. एक चित्र दिलं होतं, तसं पान करायचं. मी तीन रात्री घातल्या त्यात. शेवटी दिलेलं चित्र आणि माझ्या पानाचा स्क्रीनशॉट एकावर एक ठेवून पाहिले. एका चौकटीत २ पिक्सेलचा फरक निघाला, तोही काढला. मग मिळाले २० पैकी ११, आणि हा शेरा:

"दिसतंय बरोबर, लिहिलंय चूक. मथळे नाहीत. फॉर्ममधून काहीच येत नाही. चित्र दिसत नाही. मराठी मजकूर वाचता येत नाही."

मथळे नाहीत? पानाच्या माथ्यावर ३२ पिक्सेलचा ठळक मथळा आहे! फॉर्म तर मी स्वतः दहा वेळा भरून पाठवला. बटण दाबलं की पान झटकन पुन्हा उघडतं, रकाने रिकामे होतात, एरर वगैरे काही येत नाही. म्हणजे माहिती गेलीच ना? चित्र माझ्याकडे व्यवस्थित दिसतं. आणि मराठी मजकूर तपासणाऱ्यांच्या मशिनवर मी डोळ्यांनी पाहिला. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्यापुढे चार कोपऱ्यांना काड्या फुटलेलं एक वर्तुळ, मग काहीतरी तिसरंच, की पुन्हा तोच 'ए'. ओळीच्या ओळी तशाच. माझ्या मशिनवर तीच फाइल स्वच्छ मराठीत उघडते.

जखमेवर मीठ म्हणजे शेजारच्या बाकावरच्या मुलाचं पान. पांढरंफटक, निळ्या अधोरेखित दुव्यांचं, एकही चौकट सरळ नाही. त्याला १७.

माझं पान चढवलंय, दुवा माझ्या प्रोफाइलवर आहे. मोजून सांगते: ६४ डिव्ह (नुसत्या चौकटी करणारे टॅग), ७ इनपुट (भरायचे रकाने), १ बटण. बघणाऱ्याला जर सारखंच दिसत असेल तर आत काय लिहिलंय याने कुणाला काय फरक पडतो? आणि फेरतपासणीचा अर्ज करू का?

कंसबंद
सोमवार, रात्री ११:५२

अर्ज अजिबात करू नकोस. मागच्या सत्रात मी केला होता, ९ चे ८ झाले.

आणि एवढं मनाला लावून घेऊ नकोस. पुढे सगळे फ्रेमवर्कच (पानं बनवायचा तयार सांगाडा) वापरतात, ते हाताने टॅग लिहिणं परीक्षेपुरतं.

लॅब_मदतनीस
मंगळवार, सकाळी ७:१५

कंसबंद यांचा अर्जाबद्दलचा सल्ला घ्या, दुसरा घेऊ नका. फ्रेमवर्क शेवटी ब्राउझरच्या हातात एचटीएमएलच देतं. तिथेही ६४ डिव्हच दिले तर ते ६४ डिव्हच राहतात.

मी या विषयाच्या असाइनमेंट तपासतो, तुमच्या कॉलेजात नव्हे, त्यामुळे मला कुणाची बाजू घ्यायची गरज नाही. तुमचं पान उघडलं आणि आधी तुमची स्टाइलशीट, म्हणजे सीएसएसची फाइल, काढून टाकली. मी नेहमी इथूनच सुरुवात करतो. डेव्हलपर टूल्समध्ये जाऊन स्टाइलशीटचा दुवा असलेली ओळ डिलीट करायची. तुम्हीही करून बघा. उरतं काय? एकाच मापाच्या, एकाच जाडीच्या ओळी. 'ग्रंथालय सदस्य नोंदणी', 'वैयक्तिक माहिती', 'नाव', 'सर्व रकाने भरणे आवश्यक', सगळं एका रांगेत. मथळा कुठला, सूचना कुठली, रकान्याचं नाव कुठलं, काही कळत नाही. तुमचा ३२ पिक्सेलचा मथळा हा मथळा नव्हताच, तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला एक डिव्ह होता. आणि डिव्ह म्हणजे ब्राउझरच्या लेखी 'इथे काहीतरी आहे', बास. शेजारच्या मुलाच्या पानाची स्टाइलशीट काढली तर बहुधा काहीच बदलणार नाही. त्याचे १७ तिथून आले असणार.

'बघणाऱ्याला सारखंच दिसतं' यातला बघणारा कोण, तिथेच सगळी मेख आहे. वेब सुरू झालं तेव्हा सीएसएस नव्हतंच. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत पहिला प्रस्ताव मांडला १९८९ मध्ये, आणि सीएसएसची पहिली अधिकृत शिफारस आली डिसेंबर १९९६ मध्ये. मधल्या काळात पान म्हणजे मथळा, परिच्छेद, यादी, दुवा. पहिला ब्राउझर नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर खिडकीत चालायचा. तसे संगणक फार थोड्यांकडे, म्हणून लवकरच दुसरा आला, तो नुसत्या अक्षरांच्या टर्मिनलवर चालणारा. तेच पान दोघांना दोन तऱ्हांनी दिसायचं, आणि दोघांचंही बरोबर. लेखकाने 'हा मथळा आहे' एवढंच सांगायचं, तो कसा दाखवायचा ते समोरच्या यंत्राने ठरवायचं. तुम्ही उलट केलंत. कसा दाखवायचा ते पिक्सेलपर्यंत सांगितलंत, काय आहे ते सांगितलंच नाही.

आता फॉर्म. सगळे इथेच अडकतात, म्हणून जरा सावकाश जातो. तुमच्या प्रत्येक इनपुटला आयडी आहे, पण नेम हा गुणधर्म एकालाही नाही. आयडी म्हणजे घरातलं हाकेचं नाव. पानाच्या आत सीएसएसला, जावास्क्रिप्टला, लेबलला त्या नावाने हाक मारता येते. नेम म्हणजे हजेरीपटावरचं नाव. फॉर्म पाठवताना ब्राउझर हजेरी घेतो. नेम असलेल्या रकान्यांच्या 'नाव बरोबर किंमत' अशा जोड्या करतो आणि सर्व्हरकडे धाडतो. नेम नाही त्याला तो वगळतो, आणि वगळल्याचं सांगत नाही. तुमच्या सातही जणांची नावं पटावर नव्हती, म्हणून गाडी रिकामीच गेली. पान 'झटकन पुन्हा उघडतं' म्हणालात ना, त्या वेळी पत्त्याच्या शेवटी बघा. एक एकटंच प्रश्नचिन्ह लटकताना दिसेल. त्याच्यापुढे तुमची माहिती असायला हवी होती.

याचा पुरावा तुमच्या पानावर आधीपासूनच होता. सदस्यत्वाचा प्रकार निवडायला तीन गोल बटणं आहेत: विद्यार्थी, शिक्षक, इतर. मी तिन्ही एकाच वेळी निवडू शकलो. रेडिओ बटणांचा गट ब्राउझर नेमवरूनच ओळखतो. नेम नाही म्हणजे गट नाही, तिन्ही सुटी. हे करून पाहताना तुमच्या लक्षात आलं असणार, आणि तुम्ही कानाडोळा केला असणार. सगळे करतात.

मग एरर का आली नाही? कारण ब्राउझर फार सोशीक असतो. टॅग बंद करायचा राहिला, उलटासुलटा लावला, तरी तो समजून घेतो. कसं समजून घ्यायचं याचे तपशीलवार नियमच एचटीएमएल ५ च्या प्रमाणकात लिहिले आहेत. मध्यंतरी, २००० च्या सुमारास, एक्सएचटीएमएलची, म्हणजे एक्सएमएलच्या कडक नियमांत बसवलेल्या एचटीएमएलची, टूम निघाली होती. खरोखर एक्सएमएल म्हणून पान पाठवलं आणि एक टॅग चुकला, तर सबंध पानाऐवजी चूक झाल्याचा संदेश दिसायचा. लोकांना ती शिस्त मानवली नाही. मला विचाराल तर पहिल्या सत्रापुरती ती परत आणावी. असो. वेबची प्रमाणकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीचा व्हॅलिडेटर (कोडचं व्याकरण तपासणारं साधन) फुकट आहे, त्यात पान घालून बघा. नेम नसल्याबद्दल मात्र तोही काही बोलणार नाही, कारण नेम नसणं ही व्याकरणाची चूक नाही.

चित्राचं थोडक्यात. फाइलच्या नावात पहिलं अक्षर आणि शेवटचं जेपीजी कॅपिटलमध्ये आहे, कोडमध्ये तुम्ही सगळं लहान लिपीत लिहिलंय. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्सच्या सर्व्हरला ती दोन वेगळी नावं. सगळी नावं लहान लिपीत ठेवायची सवय लावा, प्रश्न कायमचा मिटतो.

आणि तो तिरक्या रेघेचा 'ए'. तुमची फाइल यूटीएफ-८ या संकेतात (अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत) आहे, त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. पहिला बाइट सगळ्यांचा एकच, दुसरा दोनांपैकी एक. पानात कॅरसेट, म्हणजे कुठला संकेत वापरलाय ते, सांगितलेला नाही, म्हणून तिकडच्या ब्राउझरने ते जुन्या पश्चिम युरोपीय संकेतात वाचलं, एका बाइटाला एक अक्षर असं. तिथे पहिला बाइट म्हणजे तो 'ए' आणि दुसरा म्हणजे तुमचं काड्यांचं वर्तुळ, ते चलनाचं सर्वसाधारण चिन्ह आहे. नीट पाहिलंत तर काही ठिकाणी वर्तुळाऐवजी येनचं चिन्ह असेल. तिथे दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा किंवा पाय मोडलेलं अक्षर होतं. तुमच्या मशिनवर फाइल थेट उघडली तेव्हा ब्राउझरने अंदाज बांधला आणि तो बरोबर निघाला. सर्व्हरवरून आलेल्या पानाबाबत त्या अंदाजाच्या भरवशावर राहू नये. कॅरसेटची ओळ हेडच्या (पानाबद्दलची माहिती असलेल्या वरच्या भागाच्या) अगदी सुरुवातीला टाका. ती पहिल्या १०२४ बाइटांत यावी असा नियम आहे.

अर्जाऐवजी दुरुस्त पान घेऊन भेटा. शेरा लिहिणाऱ्याने 'फॉर्ममधून काहीच येत नाही' असं लिहिलंय, म्हणजे त्याने पान खरोखर चालवून पाहिलंय. अशी माणसं ऐकून घेतात.

ऐकणारा
मंगळवार, दुपारी १:०५

मला दिसत नाही. पानं मी स्क्रीन रीडरने ऐकतो, एनव्हीडीए वापरतो. कुतूहल म्हणून तुमचं पान ऐकलं, काय ऐकू आलं ते सांगतो.

पान उघडलं की मी आधी 'एच' ही कळ दाबतो. तिने एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी मारता येते. तुम्ही पानावर नजर फिरवता, तसंच हे. तुमच्या पानावर उत्तर आलं, पुढे मथळा नाही. बरं. मग टॅबने रकान्यांत गेलो. 'एडिट, ब्लँक.' पुढचा रकाना, 'एडिट, ब्लँक.' त्याच्या पुढचाही तसाच. नाव मागताय की पत्ता की फोन, मला कळायला मार्ग नाही. तुमच्या डोळ्यांना रकान्याच्या डोक्यावर 'नाव' हा शब्द दिसतो, पण तो शब्द आणि ती चौकट यांचा संबंध तुम्ही फक्त जवळ ठेवून दाखवलाय. जवळ असणं मला ऐकू येत नाही. लेबल टॅग वापरून त्याच्या 'फॉर' या गुणधर्मात रकान्याचा आयडी लिहिलात की 'नाव, एडिट' असं ऐकू येतं. शिवाय लेबलवर क्लिक केलं तरी कर्सर रकान्यात जातो, म्हणजे फोनवर जाड बोटांनी भरणाऱ्यांचीही सोय होते.

आणखी एक. पानाच्या पहिल्याच टॅगवर भाषा लिहा, मराठीसाठी 'एम आर' ही दोन अक्षरं. तुम्ही नमुन्यातलं 'ई एन' तसंच ठेवलंय. त्यामुळे माझं यंत्र इंग्रजी आवाज लावतं, आणि तो आवाज देवनागरीवर आला की काय बोलेल याचा नेम नसतो.

'डोळे झाकून घे' म्हणणाऱ्यांनी योग्यच सांगितलं होतं. पान पाठवण्याआधीही तसंच करून बघायचं. माउस बाजूला ठेवा, डोळे मिटा, टॅब दाबत जा.

कंसबंद
मंगळवार, दुपारी १:३०

माझ्या ९ च्या ८ चं कारण आज कळलं. माझ्या सगळ्या बटणांच्या जागी डिव्ह होते, वर ऑनक्लिक (क्लिक केल्यावर काय करायचं ते) लावलेलं. टॅबने त्यांच्यापर्यंत पोचताच येत नव्हतं.

मध्यक
बुधवार, रात्री १०:२०

दोन दिवस इथे आले नाही, कारण आधी राग आला होता आणि मग काम चालू होतं.

राग मुख्यतः रेडिओ बटणांबद्दलचा. होय, तिन्ही एकदम निवडली जात होती, मला दिसलं होतं, आणि मी 'ब्राउझरचं काहीतरी असेल' म्हणून सोडून दिलं होतं. आलेखात एक बिंदू लांब पडला तर मी तो पुसत नाही, तिथे थांबून बघते. इथे पुसला.

आताची मोजणी: डिव्ह ६४ वरून ९. मथळे ३, लेबलं ७. स्टाइलशीट काढून पाहिली, पान गबाळं दिसतं पण वाचता येतं. शेजारच्या मुलाचं पानही त्याच्याकडून मागून घेतलं. ४८ ओळी आहेत त्याच्या, माझ्या होत्या ३१२. तो म्हणाला, मला सीएसएस जमतच नाही, म्हणून जे टॅग वर्गात शिकवले तेवढेच वापरले.

डोळे मिटूनही करून पाहिलं. चौथ्या रकान्यानंतर हरवले. लेबलांचा क्रम बरोबर होता, पण शहर आणि पिनकोड शेजारी शेजारी दाखवण्यासाठी मी पिनकोड कोडमध्ये भलतीकडे लिहून सीएसएसने जागेवर खेचला होता. टॅब कोडच्या क्रमाने जातो, डोळ्यांच्या नाही. तेही नीट केलं.

एक गंमत. नावाच्या रकान्यात 'मराठी' लिहून फॉर्म पाठवला आणि पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला. तिथे त्या शब्दाच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची माळ होती. मोजली, १५. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (जावास्क्रिप्ट लिहून बघायच्या खिडकीत) त्याच शब्दाची लांबी विचारली तर ५. आणि मी शाळेत शिकले त्याप्रमाणे अक्षरं ३. तीन मोजमापं, तिन्ही बरोबर. म, र, काना, ठ, वेलांटी असे पाच, प्रत्येकाचे तीन बाइट, हे लॅब_मदतनीस यांच्या उत्तरावरून जुळवलं. नावाच्या रकान्याला मी कमाल लांबी २० दिली होती. ती वीस अक्षरं नव्हतीच म्हणजे, काना-मात्रे धरून वीस होती. जोडाक्षरांचं आडनाव असलेला माणूस मध्येच कापला गेला असता.

आता दोन अडचणी. सदस्यत्वाचा प्रकार म्हणून सर्व्हरला 'विद्यार्थी' जायला हवं, तिथे नुसतं 'ऑन' जातंय. काहीही निवडलं तरी 'ऑन'. दुसरं म्हणजे माहिती जातेय हे खरं, पण सगळीच्या सगळी पत्त्यात दिसतेय. हे असंच असतं का? पत्त्याचा स्क्रीनशॉट जोडलाय.

लॅब_मदतनीस
बुधवार, रात्री १०:३१

'ऑन'चं सोपं आहे. रेडिओला नेमबरोबर व्हॅल्यूही द्यावी लागते. दिली नाही तर ब्राउझर 'ऑन' पाठवतो. 'विद्यार्थी' हा शब्द तुम्ही बटणाच्या शेजारी लिहिलाय, बटणाला सांगितलेला नाही. पुन्हा तोच प्रकार.

पत्त्यात दिसतं कारण फॉर्मची पद्धत तुम्ही सांगितलेली नाही आणि न सांगितल्यास ती गेट असते. गेट म्हणजे 'हे मला दे' अशी मागणी. शोधाच्या रकान्याला ती ठीक, कारण तो पत्ता कुणाला पाठवता येतो, जपून ठेवता येतो. नोंदणीसाठी पोस्ट हवी. तिच्यात माहिती पत्त्यात न जाता विनंतीच्या पोटात जाते. पण पोस्ट म्हणजे कुलूप नव्हे. वाटेत कुणी वाचू नये यासाठी एचटीटीपीएस (वाटेतली माहिती कूटबद्ध करणारी पद्धत) लागतं, आणि तिकडे सर्व्हरवर पासवर्ड आहे तसा न साठवता त्याचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड काढता येऊ नये असं त्याचं रूप) साठवावा लागतो. ते तुमच्या सत्राच्या शेवटच्या भागात येईल.

गेटचा पत्ता मात्र ब्राउझरच्या इतिहासात राहतो आणि सहसा सर्व्हरच्या नोंदवहीतही. आधी तो स्क्रीनशॉट काढा इथून.

कंसबंद
बुधवार, रात्री १०:३३

स्क्रीनशॉटमध्ये शेवटच्या रकान्याचं नाव पासवर्ड आहे आणि पुढे काहीतरी लिहिलंय. तो खरा आहे?

मध्यक
बुधवार, रात्री १०:४१

होता.